गावठाणाच्या रेषेबाहेरचे गाव

आमच्या महाविद्यालयात प्रवेशाचे अर्ज तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. अर्जात ‘मूळ गाव’ असा एक रकाना आहे. बहुतेक मुले तो न थांबता भरतात. गेल्या जूनमध्ये एका कातकरी मुलीने तो कोरा ठेवला होता. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सर, वाडीचं नाव लिहू का वाडी ज्या गावात आहे त्या गावाचं? गाववाले तर म्हणतात, तुमी आमच्या गावचे नाय.” मी तिला वाडीचे नाव लिहायला सांगितले आणि पुढचा अर्ज हाती घेतला. परंतु दिवसभर तो कोरा रकाना डोळ्यांपुढून हलेना. अठरा वर्षांपूर्वी मीसुद्धा तिथेच अडलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर; तेव्हा विचारायलाही कोणी नव्हते. शेवटी मी आजोबांचे घाटावरचे गाव लिहून टाकले. ते गाव मी तोवर एकदाही पाहिलेले नव्हते.

एखादे गाव वसते कसे, आणि ते वसवणाऱ्यांचे होते कधी, एवढाच या लेखाचा विषय आहे. दलित चळवळीत आपण गावाबद्दल पुष्कळ बोललो, लिहिले. पण आपण बोललो ते जुन्या, नांदत्या गावाबद्दल. दुष्काळाने, कर्जाने, धरणाने हुसकलेली माणसे एकत्र येऊन जे नवे गाव वसवतात त्याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत अशी गावे टेकडीटेकडीला आहेत. नकाशात ती शोधू गेल्यास सापडणे कठीण.

मी वाढलो ती वस्ती शहापूर तालुक्यातली. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्या जागेचे प्रकरण अजून मिटलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून बायकापोरांसह घाट उतरले. बरोबर आणखी तीन बौद्ध कुटुंबे होती. खाली कामे निघाली होती. पुढची कैक वर्षे आजोबांनी भातसा धरणाच्या कामावर दगड आणि माती वाहिली. आज मुंबई जे पाणी पिते त्यातले जवळजवळ निम्मे या धरणाचे आहे. आमच्या वस्तीला एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो, हे सांगितले की मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांना ती अतिशयोक्ती वाटते.

एका शेतकऱ्याने आपल्या वरकस माळावर या चार कुटुंबांना झोपड्या घालू दिल्या. भाडे नाही; आवणीला आणि कापणीला आधी त्याच्याकडे जायचे, एवढीच तोंडी बोली. त्या माळावर आधीपासून अकरा घरे कातकऱ्यांची होती. अशी पंधरा घरांची वस्ती झाली. आजोबांना बाजरी माहीत, भात माहीत नाही. राब कसा भाजायचा, रोप किती बोटांचे झाले म्हणजे उपटायचे, चिखलात पाय कसा रोवायचा हे सारे आजीला कातकरी बायांनी शिकवले. माळ खोदून नाचणी आणि वरई होऊ लागली. दोन खाचरे अर्धेलीने मिळाली. दगड उचलून बांध घातले गेले, विहिरीसाठी खड्डा घेतला गेला. गाव वसवणे म्हणतात ते आणखी काय असते? परंतु गाववाल्यांच्या तोंडी आम्ही ‘घाटी’ राहिलो, आणि जात तर होतीच. म्हणजे एकाच माणसाला दोनदा परके करण्याची सोय.

आता हे परकेपण कोठून येते ते पाहिले पाहिजे. आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग: पांढरी आणि काळी. पांढरीत माणसे राहतात, काळीत पिके होतात. ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, इकडे जमिनीची मोजणी झाली आणि या पांढरीला कागदावर रेषा मिळाली. तेच आजचे गावठाण. मोजणीच्या वेळी जो रेषेच्या आत राहत होता तो गावकरी ठरला. वस्तुतः शहापूर-मोखाड्याच्या या मुलखाला पूर्वी कोळवण म्हणत. म्हणजे तो ज्यांचा होता ते त्याच्या नावातच लिहिलेले होते. नाणेघाटाने, माळशेजने, थळघाटाने माणसे शतकानुशतके खाली उतरत आणि वर चढत आली आहेत. आज जे स्वतःला मूळचे म्हणवतात त्यांच्या पुष्कळ घराण्यांत ‘आम्ही अमक्या ठिकाणाहून आलो’ ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते. आले सर्वच. काहींचे येणे सरकारी कागदाने टिपले, बाकीच्यांचे टिपायचे राहिले.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित रुचणार नाही. जुन्या गावातला महारवाडा हा अपमानाचा होता, परंतु तो गावाच्या हिशेबात होता. गावाच्या सीमेचा तंटा झाला तर महाराची साक्ष मानली जाई. वतन ही गुलामी होती. बाबासाहेबांनी तिच्याविरुद्ध आयुष्यभर लढा दिला, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली हे योग्यच झाले. पण ध्यानात घेण्यासारखे हे की, तो महार जेव्हा पोटासाठी गाव सोडून दुसऱ्या मुलखात गेला तेव्हा त्याची अस्पृश्यता त्याच्याबरोबर गेली आणि सीमेचा साक्षीदार म्हणून असलेली जागा मात्र मागे राहिली. आपल्या साहित्यात ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द रूढ आहे. ठाणे जिल्ह्याच्या या भागात गावाला कूस नसते. घरे विखुरलेली, मध्ये खाचरे, मध्ये ओढा. इकडची वेस तलाठ्याच्या दप्तरात असते.

कातकऱ्याला तर महारवाड्याएवढीही जागा कधी नव्हती. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. एकोणिसाव्या शतकात जंगल राखीव होत गेले, १८७८ च्या वन कायद्याने तर कुऱ्हाड लावणे गुन्हा झाले, आणि त्याचा धंदा बसला. मग तो कोळसा पाडू लागला, मजुरी करू लागला. लग्नाला किंवा आजारपणाला सावकाराकडून, शेतमालकाकडून पैसे उचलायचे आणि अंगमेहनतीने फेडायचे, असे सुरू झाले. फेडणारा जवळ असलेला बरा म्हणून मालकाने त्याला आपल्या वरकस जमिनीवर आणून बसवले. दोन घरांची चार झाली, चाराची अकरा झाली. या तालुक्यांतील अनेक कातकरवाड्यांची जन्मकथा थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणजे वाडी वसली ती कोणाच्या तरी गरजेने, आणि वसवणाऱ्याला तेथे मालकाच्या मर्जीपलीकडे कोणताच आधार दिला गेला नाही. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार आदिम जमाती म्हणते त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. ‘आदिम’ आणि ‘उपरा’ ही दोन्ही विशेषणे एकाच माणसाला लागतात, याचे नवल कोणाला वाटत नाही.

लहानपणी मला एक कोडे पडे. आमच्या वस्तीत एकही मोठे झाड नव्हते. गावात प्रत्येक दारात आंबा, फणस, शेवगा. आमच्याकडे पावसाळ्यात काकडीचे वेल तेवढे. एकदा आजीने आंब्याची कोय रुजवली. रोप हातभर झाले तेव्हा मालकाने येऊन ते उपटून टाकले. तो भांडला नाही, ओरडलाही नाही. “म्हातारे, झाड लावू नको, बाकी राहा खुशाल,” असे शांतपणे म्हणाला. पुढे जमिनीचे कायदे वाचले तेव्हा त्या शांतपणाचा अर्थ कळला. झाड हा पुरावा असतो. वीस वर्षांचा आंबा सांगतो की येथे वीस वर्षे कोणीतरी राहिले आहे. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घर असे काही सांगत नाही. दोन पावसाळे लक्ष दिले नाही तर ते मातीत मिळते.

आता कायद्याकडे येतो. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आपण ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून ओळखतो. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि पुष्कळ कुळे मालक झाली. ठाणे जिल्ह्यातील कुणबी, आगरी, काही आदिवासी शेतकऱ्यांच्या जीवनात याने खरा पालट झाला, ते नाकारण्याचे कारण नाही. पण कुळाच्या शेतात राबणारा कातकरी कूळ नव्हता. त्याच्या नावे पीकपाहणीला काही लागलेले नव्हते. त्यामुळे कालचे कूळ आज मालक झाले आणि माळावरचा मजूर होता तेथेच राहिला. आमचे रोप उपटणारा शेतकरीसुद्धा एका कुळाचा मुलगा होता. त्याच्या बापाला जमीनदाराच्या दारात जोडे काढून उभे राहावे लागे, असे तोच आजोबांना सांगत असे. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. मोठ्या कष्टाने हाती आलेला सातबारा पुन्हा कोणाच्या तरी नावाने डागळेल, ही त्याची भीती होती.

याच कायद्यात १६ ते १८ ही कलमे आहेत आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ती वाचलेली असावीत अशी माझी फार इच्छा आहे. कुळाने मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल तर त्याला तेथून काढता येत नाही. घराखालची जागा विकायची झाल्यास ती घेण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. आणि हे संरक्षण कुळापुरते न ठेवता शेतमजूर व कारागीर यांनाही दिलेले आहे. कागदावर केवढी मोठी गोष्ट ही! कसणाऱ्याला जमीन मिळाली तशी वसणाऱ्याला घराखालची जागा मिळण्याची वाट यात आहे. पण त्यासाठी घर स्वखर्चाने बांधले हे दाखवावे लागते, आणि कारवी, पेंढा, शेण यांची पावती कोणी देत नाही.

स्थलांतर करून आलेल्यांचे गाव नेहमी असेच अधांतरी राहते काय? तसे नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ माळीनगर आहे. सासवडकडचे माळी शेतकरी नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस करण्यासाठी माळशिरस तालुक्यात गेले. १९३२ मध्ये त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी ही स्वतःची कंपनी काढली आणि तिच्याभोवती गाव उभे राहिले. तेसुद्धा परमुलखातून आलेल्या शेतकऱ्यांनीच वसवलेले गाव. त्यांच्या धाडसाविषयी आणि कष्टाविषयी मला आदर आहे; फुल्यांच्या समाजातील माणसांनी कारखाना उभारावा ही सामान्य गोष्ट नाही. परंतु ते निघाले तेव्हा त्यांच्याकडे बागायतीचे ज्ञान होते, थोडे भांडवल होते, आणि ज्या जमिनीवर ते उभे राहिले तिचा करार होता. म्हणून त्यांच्या गावाला त्यांचे नाव मिळाले. माझे आजोबा घमेले घेऊन निघाले. दोघेही स्थलांतरितच. पण गाव कोणाचे हे ठरवताना घाम दोन्हीकडे मोजला गेला असता तर आमच्या माळाचा निकाल केव्हाच लागला असता.

बाबासाहेबांना हा प्रश्न फार आधी दिसला होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत, त्यासाठी सरकारी पडीक जमीन द्यावी, ही मागणी ठरावाने करण्यात आली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी ती घटनेच्या भाषेत मांडली, नव्या वसाहतींसाठी एक स्वतंत्र आयोग असावा आणि लागवडीखाली नसलेली सरकारी जमीन त्याच्या हाती असावी, असे सुचवले. ही मागणी फुटीरपणाची आहे अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. आपल्यातले पुष्कळजण तिला इतिहासाच्या पेटीत ठेवून मोकळे झाले आहेत. मला ती अत्यंत व्यवहारी वाटते. बाबासाहेब नुसते ‘खेडे सोडा’ म्हणून थांबले नाहीत. सोडून जाणाऱ्याच्या पायाखाली जमीन कोणाची असेल, हे त्यांनी पहिल्यापासून विचारले. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तीच मागणी रस्त्यावर आली. ती मान्य झाली असती तर माणसे दुष्काळात घाट उतरली असती तरी कोणाच्या तरी माळावर तोंडी बोलीने राहायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

आता आमच्याच घरातले एक सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा वस्तीतील चार बौद्ध घरांना घरपट्टीचे नंबर मिळाले. आमच्याकडे शाळेचे दाखले होते, अर्ज लिहिणारा होता, जयंतीच्या निमित्ताने चार पुढाऱ्यांशी ओळख होती. कातकरी वाडीतला एक म्हातारा माझ्या वडिलांकडे आला आणि म्हणाला, “आमच्याबी अर्जावर सही मार.” वडील म्हणाले, “आधी आमचं होऊ दे, दादा.” म्हातारा काही बोलला नाही. आमचे झाले. त्यानंतर आम्ही ‘आमची वस्ती’ आणि ‘त्यांची वाडी’ असे वेगवेगळे म्हणू लागलो. आजीला भात लावायला शिकवणाऱ्या बाईची नात आज नंबर नसलेल्या घरात राहते. ही चूक व्यवस्थेच्या माथी मारता येईल, पण ती सही माझ्या वडिलांच्या हातात होती. गावकुसाबाहेरच्या माणसाने आपल्यापलीकडे आणखी एक कूस घालावी, याबद्दल आपल्या नियतकालिकांतून मोकळेपणाने लिहिले गेले पाहिजे.

हा प्रश्न आत्ताच निकडीचा का झाला आहे, तेही सांगायला हवे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला; त्याचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. वरकस माळ, ज्याला पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्याला आता गिऱ्हाईक आहे. माळ विकला जातो, तारेचे कुंपण पडते, आणि कुंपणाच्या आत पंधरा घरे आहेत हे खरेदीखतात कोठेही लिहिलेले नसते. नवा मालक मुंबईचा. तोंडी बोली झाली होती ती त्याच्याशी नाही.

अशा वेळी कार्यकर्ते बहुधा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा भरायला सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु तो कायदा वनजमिनीसाठी आहे. वाडी खासगी मालकीच्या जमिनीवर असेल तर तो दावा टिकत नाही, आणि त्यात दोन-तीन वर्षे जातात. म्हणून पहिला प्रश्न ‘जमीन कोणाची?’ हा, आधी सातबारा काढून पाहावा. खासगी असेल तर कूळकायद्याची वर सांगितलेली कलमे आहेत. त्याखेरीज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १२२ प्रमाणे गावाच्या वसण्याच्या जागेत कोणती जमीन येते हे ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे; गावठाणाची रेषा काही ब्रह्मदेवाने काढलेली नाही. घरकुलाच्या योजनाही येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी पीएम-जनमन योजना जाहीर झाली आणि तीत पक्की घरे आहेत. पण घर बांधायला आधी जागा लागते, आणि गाडी फिरून त्याच ठिकाणी येते.

एक वाट २०१४ मध्ये उघडली. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले, आणि त्यांप्रमाणे एखादा पाडा किंवा वाडी स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्यासाठी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. १९८५ च्या आदेशाप्रमाणे शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडमधील काहीच गावे आहेत. तेव्हा मुरबाडच्या मित्रांनी आधी आपले गाव यादीत आहे का ते पाहावे. हेही स्पष्ट करतो की, पेसाखाली गाव झाल्याने घराखालच्या जागेची मालकी मिळत नाही. मात्र वस्तीची स्वतःची ग्रामसभा होते, तिचे दप्तर तयार होते, आणि कोण कधीपासून येथे राहते हे लिहून ठेवणारी एक जागा निर्माण होते. ज्यांची झाडेसुद्धा उपटली गेली त्यांच्या दृष्टीने हे लहान नाही.

आमच्या वस्तीने हा ठराव करायचे ठरवले आहे. या वेळी अर्ज पंधराही घरांचा एकत्र आहे. वडिलांनीच त्यावर पहिली सही केली. माझ्या वर्गातील सहा विद्यार्थी शनिवारी येऊन जुनी रेशनकार्डे, मतदारयाद्यांच्या प्रती, शाळेच्या दाखल्यांवरचे पत्ते जमवतात. त्यांच्यात ती कोऱ्या रकान्याची मुलगीही आहे. एका घरात १९८० च्या आसपासचा जनावरांच्या औषधाचा कागद सापडला. त्यावर वाडीचे नाव आहे. तो आम्ही काचेत घालण्याइतका जपला आहे.

अडचण वेगळीच निघाली. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आणि ग्रामसभेच्या ठरलेल्या चार तारखा पाहा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पहिल्या दोन तारखांना वाडीतली बहुतेक घरे बंद असतात. इतकी वर्षे ‘वाडीवाले ग्रामसभेला येत नाहीत’ असे शेरे लिहिले गेले ते याच तारखांचे. म्हणून आम्ही आमची सभा आवणी उरकल्यावर, ऑगस्टमध्ये घेणार आहोत. तोपर्यंत दोन विद्यार्थी भट्ट्यांवर जाऊन कोण कोठे आहे याची यादी करीत आहेत. अकरा घरांपैकी नऊ सापडली आहेत. दोन कुटुंबे कोणत्या भट्टीवर आहेत त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.